तिकडचं पोट

मुमताज शिकलगारची बकरी यंदा फार तकतकीत दिसते. गल्लीतले लोक थांबून विचारतात, काय घालतेस हिला? मुमताज म्हणते, पालाच की. अजून काय?

•

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नव्या मुलीला आधी एवढंच शिकवत: समोरच्याला तुझा चेहरा दिसत नाही, तेव्हा सगळं आवाजात आण. वैताग सोडून.

•

तळहाताएवढी काचेची पट्टी. तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या, नळ्यांमध्ये मोहरीहून लहान गुलाबी गोळे. आज दुपारी त्यांनी भाकरी, दोडक्याची भाजी आणि ताक घेतलं.

•

‘रुग्ण खाण्याबाबत खरं सांगेलच असं नाही, हे रचनेत गृहीत धरलेलं आहे. म्हणून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला वेगळं विचारावं. दोन्ही उत्तरं जुळली तर माहिती खरी मानावी.’

•

“जेवण झालं का?”

“झालं.”

•

पोटात गाठ निघाली तेव्हा उज्ज्वला चौगुले त्र्याहत्तर वर्षांची होती. एक्स्चेंजमधली नोकरी संपून बराच काळ लोटला होता. एक्स्चेंजच राहिलं नव्हतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मिरजेच्या घरात ती आणि तिची थोरली जाऊ हेमलता, दोघीच. हेमलताचाही नवरा गेलेला, मुलगी हुबळीला दिलेली. धाकटीनं नोकरी केली, थोरलीनं स्वयंपाकघर सांभाळलं. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती आणि मोडावी असंही कुणाच्या मनात आलं नाही. उज्ज्वलाला आपल्याच घरात जिरं कुठल्या डब्यात असतं ते माहीत नव्हतं.

“आजी, गाठ एकच आहे,” डॉक्टर ईश्वरी बिरनाळे पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “पण आतून दोन जातींची.”

“आजी नको. मला नातवंडं नाहीत.”

“मग काय म्हणू?”

“मॅडम म्हण. ऑफिसात म्हणायचे.”

“डॉक्टर, तुम्ही बोला,” हेमलता म्हणाली. “हिचं असंच असतंय.”

डॉक्टर बोलली. जठराच्या अस्तरात ग्रंथी असतात. पोटाचा कॅन्सर बहुतेक वेळा या ग्रंथींच्या पेशींतून सुरू होतो. पण त्याच अस्तरात दुसऱ्याही पेशी असतात, थोड्या, विखुरलेल्या. त्या अर्ध्या मज्जातंतूंसारख्या वागतात आणि अर्ध्या संप्रेरकं सोडणाऱ्या ग्रंथीसारख्या. पोटात अन्न आलं की आम्ल सोडा, असा निरोप पुढे द्यायचं काम त्यांचं.

“म्हणजे ऑपरेटर,” उज्ज्वला म्हणाली.

“ऑपरेटरच. त्यांचाही कॅन्सर होतो, पण क्वचित. आणि एकाच गाठीत दोन्ही, तेही दोन्हींचा वाटा मोठा, हे अगदीच विरळ. अडचण अशी की एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला फारसं लागत नाही. एक मागे हटला की त्याची जागा दुसरा घेतो.”

“जावा-जावा,” हेमलता म्हणाली. “एक उठली की दुसरी चुलीपुढं.”

“तुम्ही कधी उठलात?” उज्ज्वला म्हणाली.

डॉक्टरला हसू आलं, पण ते लगेच संपलं. गाठीचे कण यकृतात पोचले होते, त्यामुळे शस्त्रक्रियेत अर्थ नव्हता. दोन्ही औषधं एकदम द्यावीत तर उज्ज्वलाची मूत्रपिंडं टिकली नसती. कुठलं आधी द्यायचं, एवढाच प्रश्न होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टर अनुभवावरून अंदाज करत. आता प्रतिजठर होतं.

•

प्रतिजठर म्हणजे ती काचेची पट्टी.

दुर्बिणीतून गाठीचे आणि आसपासच्या निरोगी अस्तराचे कण काढतात. ते मऊ जेलमध्ये ठेवले की त्यांचे पोकळ गोळे तयार होतात. दिसायला काहीच नाही, पण वागायला जठर. त्यांना पट्टीत बसवायचं, नळ्यांतून पोषक द्रव सोडायचा आणि औषध आधी त्यांना द्यायचं. गाठीची कुठली बाजू वाढते, कुठली दबते ते तिथे दिसतं. मग तेच औषध माणसाला.

फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. जेवलेलं पोट आणि उपाशी पोट सारखं वाढत नाही. अन्न आलं की जठर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि गॅस्ट्रिन मिळालं की त्या ऑपरेटर पेशी जोमात येतात. म्हणून रुग्ण जे खाईल त्याचा, पचल्यावर होतो तसा अर्क पट्टीतही सोडायचा. रुग्णानं भाकरी खाल्ली, पट्टीला भाकरी. रुग्ण उपाशी, पट्टी उपाशी.

“म्हणजे हिचं एक पोट इथं आणि एक तिकडं,” हेमलता म्हणाली.

“तसंच.”

“आणि तिकडच्याला वाढणार कोण?”

“यंत्र. तुम्ही काय वाढलंत ते त्याला कळलं की झालं.”

•

कळण्यासाठी रुग्णालयानं घरी साबणाच्या वडीएवढा डबा दिला. त्यात कॅमेरा होता. हेमलतानं तो पाहिल्या पाहिल्या त्यावर पोळ्यांचं फडकं टाकलं. माझ्या ओट्याकडे परक्यानं बघायचं नाही, म्हणाली. नियमानं तशी मुभा होती. मग डबा नुसतं विचारायचं काम करू लागला: आधी उज्ज्वलाला, मग हेमलताला.

दोघी त्याला आत्याबाई म्हणायच्या.

“बोलण्यावरून पुण्याची दिसते,” उज्ज्वला म्हणाली. “‘जेवूनच आलात ना?’ असं विचारत नाही हेच नशीब.”

“विचारते तरी. वाढत नाही ते नाहीच.”

पहिले काही दिवस उज्ज्वला खरंच जेवली. नंतर भाताला ओल्या फडक्याचा वास यायला लागला. मग आमटीला. मग ताटालाच. घास तोंडात ठेवला की गळा बंद व्हायचा, जसा जुन्या बोर्डावर एखादा नंबर कायमचा एंगेज लागायचा. ती ताट घेऊन परसात जायची. उजेडात बसते, म्हणायची. परसाची भिंत ठेंगणी. पलीकडून मुमताजची बकरी मान वर करायची. बकरीला कशाचाही वास येत नसावा. ती भाकरी खायची, भाजी खायची, एकदा खांडोळीची वडीसुद्धा.

रिकामं ताट घेऊन उज्ज्वला आत यायची. हेमलता ताटाकडे बघायची, ते घ्यायची, घासायला टाकायची.

“जेवण झालं का?” आत्याबाई विचारायची.

“झालं.”

“काय काय खाल्लंत?”

उज्ज्वला बकरीनं काय खाल्लं ते सांगायची.

“हेमलताताई, उज्ज्वलाताई जेवल्या का?”

“जेवली. पोटभर.”

दोन्ही उत्तरं जुळायची. रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावर एक सुई हलायची आणि मोहरीहून लहान गोळ्यांना जेवण मिळायचं.

ज्यांनी हे यंत्र बनवलं ते हुशार लोक होते. माणूस आजार लपवतो, तंबाखू लपवतो, गोळ्या चुकवतो, हे सगळं त्यांनी धरलं होतं. ‘जेवण झालं का?’ याचं उत्तर इकडे लोक शिंक आल्यासारखं देतात, ते धरायचं राहिलं. कुणाच्याही दारात, कितीही भूक असो, ‘झालं, आत्ताच झालं’ म्हणायचं. वाढणारी म्हणते, माझं झालं. पाहुणा म्हणतो, आमचं झालं. दोघंही उपाशी असू शकतात. याला कुणी खोटं मानत नाही, म्हणून ते विचारात घेण्याच्या खोट्यांमध्ये आलंच नाही.

•

तिकडचं पोट चांगलं जेवत होतं. गॅस्ट्रिन भरपूर. पट्टीत गाठीची ऑपरेटर बाजू फोफावत होती, ग्रंथींची बाजू मंद होती. उत्तर स्पष्ट होतं. उज्ज्वलाला ऑपरेटर बाजूचं औषध दिलं गेलं.

औषधानं केस गेले. नखं निळसर झाली. जिना चढताना मध्ये बसावं लागू लागलं. वजन उतरलं, ते आजारानंही उतरतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मुमताज भिंतीवरून म्हणाली, “काकू, हवेनं उडून जाल एक दिवस.”

“बकरीला बांधून ठेव मग माझ्याशी,” उज्ज्वला म्हणाली.

•

पुढच्या खेपेच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरनं दोघींना बोलावून घेतलं.

“एक जुळत नाहीये,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं; सकाळपासून बसलेली असावी. “तिकडच्या पट्टीत गॅस्ट्रिन एवढं आहे. तुमच्या रक्तात जवळजवळ नाही. तिकडचं पोट जेवतंय. तुमच्यात जेवल्याची खूण नाही. मॅडम, तुम्ही जेवता ना?”

“हो.”

“काकू, या जेवतात ना?”

“पोटभर,” हेमलता म्हणाली.

डॉक्टर दोघींकडे बघत राहिली. मग खुर्चीत मागे टेकली.

“माझी आई फोन करते,” ती म्हणाली. “जेवलीस का? मी म्हणते, जेवले. आजही म्हटलं. सकाळपासून दोन चहा झालेत नुसते.” तिनं डोळे चोळले. “पण माझ्या उत्तरावर कुणी औषध निवडत नाही. तुमच्या उत्तरावर आम्ही निवडलं. उपाशी पोटात त्या ऑपरेटर पेशी पेंगत होत्या. आम्ही त्यांच्यावर सगळा मारा केला. तेवढ्यात ग्रंथींची बाजू वाढली.”



“बकरी,” उज्ज्वला म्हणाली.

“काय?”

“बकरी जेवते.”

डॉक्टरनं पुढचं हळू सांगितलं. शरीरात आता एकाच प्रयत्नाची ताकद उरली आहे. आज लगेच दुसरं औषध सुरू करता येईल, पण तो अंदाज असेल. खऱ्या पोटात काय चाललंय हे कुणीच पाहिलेलं नाही. किंवा गोठवून ठेवलेल्या कणांतून नवी पट्टी लावता येईल. त्यासाठी दोनेक आठवडे औषधाविना काढावे लागतील आणि खरं सांगावं लागेल. गाठ तेवढ्यात थांबून राहणार नाही. शिवाय ताकद टिकवायला नाकातून नळी घालून अन्न थेट आतड्यात सोडावं लागेल, जठराला वगळून.

“म्हणजे तोंडानं काहीच नको?” हेमलतानं विचारलं.

“तोंडानं जमेल तेवढंच. इच्छा झाली तर.”

“आणि नळीतून काय देणार?”

“तयार पावडर येते. पाण्यात कालवायची.”

हेमलता पदर नीट करत राहिली. तो नीटच होता.

•

परतीची रिक्षा बिनड्रायव्हरची होती.

“बकरीच्या गळ्यात घंटा आहे, उज्ज्वला,” हेमलता म्हणाली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग आत्याबाईला का नाही सांगितलं?”

“तू का नाही सांगितलंस?”

“मी पेशंट आहे. मला खोटं बोलायची मुभा आहे. त्यांनीच डब्याच्या माहितीपत्रकात लिहून ठेवलंय.”

“आणि मी काय सांगू तिला? माझ्या हातचं खाऊन घरातलं माणूस वाळत चाललंय? त्या पुण्याच्या डब्याला?”

“तापमान कमी करू का?” रिक्षानं विचारलं.

“नको, ठीक आहे,” दोघी एकदम म्हणाल्या. दोघींना घाम आला होता.

पुलावर गर्दी होती. रिक्षा थांबली.

“मला कंटाळा आलाय, अक्का,” उज्ज्वला म्हणाली. “नळी नको, पट्टी नको, काही नको. तिकडच्या पोटाला सांगा, तूच जग.”

“तुझ्या मनात काय आलं होतं, ते सांग. ताट परत का नाही दिलंस? वास येतो म्हणायचं. आपटायचं ताट. मी काय फाडून खाल्लं असतं तुला?”

“नाही.”

“मग?”

“मी खात नाही म्हटलं असतं तर तुम्ही स्वयंपाक बंद केला असता. मग तुम्ही दिवसभर करणार काय? बसून राहणार माझ्या तोंडाकडं बघत.”

हेमलतानं तोंड खिडकीकडे वळवलं.

“पन्नास वर्षं तोंड बघतेय तुझं,” ती म्हणाली. “अजून काही मेले नाही.”

रिक्षा पुढे सरकली. घराशी उतरताना उज्ज्वलाचा पाय अडखळला. हेमलतानं तिचा दंड धरला, आणि हातात नुसतं हाडच आलं तेव्हा तिनं पकड सैल केली, पण सोडली नाही.

“लावा म्हणावं नवी पट्टी,” उज्ज्वला दारात म्हणाली. “पण उत्तरं तुम्ही आणि मी दोघींनी द्यायची. मला एकटीला जमणार नाही.”

•

जमणं अवघड होतं. नळी त्या मानानं सोपी गेली. नर्सनं घातली, घशात खाजली, मग सवय झाली.

“जेवण झालं का?” आत्याबाईनं विचारलं.

“झा…” उज्ज्वलानं ओठ दाबले. आवाजात काही येऊ द्यायचं नाही हे ती आयुष्यभर शिकली होती. “नाही.”

“काही खाल्लंत का?”

“पेज. दोन चमचे. एक बाहेर आला.”

“हेमलताताई, उज्ज्वलाताईंनी किती खाल्लं?”

हेमलता ओट्याला धरून उभी होती. तिच्या मागे गॅसवर काही नव्हतं.

“दोन कुठले?” ती म्हणाली. “दीड. मी बघत होते. आणि गेलं ते सगळं बाहेर आलं.”

डबा थोडा थांबला.

“दोन्ही उत्तरं जुळत नाहीत,” तो म्हणाला. “पुन्हा विचारू का?”

“विचार,” उज्ज्वला म्हणाली. “दोनच होते.”

“दीड!”

“वाटीत बघा की.”

“वाटी मीच भरली, मला सांगतेस?”

असं रोज झालं. कधी अर्ध्या चमच्यावरून, कधी लिंबाच्या सरबतावरून, कधी चाटणं हे खाणं धरायचं का यावरून. डॉक्टर नंतर म्हणाली की इतकी न जुळणारी माहिती तिच्याकडे कधी आली नव्हती, आणि तिनं ती डोळे मिटून खरी मानली. सहाव्या मजल्यावरची नवी पट्टी जवळजवळ उपाशी राहिली. मुमताजनं भिंतीवरून दोनदा विचारलं, आजकाल दिसत नाही तुम्ही परसात. बकरी ओरडायची. हेमलतानं एकदा तिला कोबीची पानं टाकली आणि म्हणाली, “संपलं तुझं पेन्शन.”

•

उपाशी पट्टीत ऑपरेटर बाजू पेंगत राहिली. ग्रंथींची बाजू वाढत होती. तिचं औषध पट्टीत सोडल्यावर ती आकसली, अगदी नाहीशी झाली नाही. तेच औषध उज्ज्वलाला सुरू झालं.

“किती?” उज्ज्वलानं विचारलं.

डॉक्टरला प्रश्न कळला. “वर्षभर म्हणेन,” ती म्हणाली. “दीड म्हणणार नाही.”

“अक्का म्हणतील,” उज्ज्वला म्हणाली. “त्यांना दीडची आवड आहे.”

“आधीच खरं सांगितलं असतं तर?” हेमलतानं विचारलं. तिला उत्तर नको होतं, पण प्रश्न निघून गेला.

“काकू, ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाली. ती खरं बोलत होती की समोरच्याच्या दारात बोलतात तसं बोलत होती, हे कुणी विचारलं नाही.

•

त्या दिवशी घरी आल्यावर हेमलतानं पावडर कालवली. गुठळी राहू नये म्हणून तिनं ती गाळून घेतली, जरी पाकिटावर गाळायला सांगितलेलं नव्हतं. पिशवी खिळ्याला अडकवली. नळीतून पांढरं पाणी सरकायला लागलं.

“जेवण झालं का?” आत्याबाई म्हणाली.

“नाही,” उज्ज्वला म्हणाली. “काहीच नाही.”

“हेमलताताई?”

“नाही जेवली.”

“धन्यवाद. दोन्ही उत्तरं जुळली.”

डबा गप्प झाला. बाहेर दुपार होती. हेमलता खुर्ची ओढून पलंगाशी बसली आणि पिशवीकडे बघत राहिली.

उज्ज्वलानं तिच्याकडे पाहिलं. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकल्या होत्या. ब्लाऊज खांद्यावर उतरला होता. हे कधीपासून असं होतं?

“अक्का,” ती म्हणाली. “तुमचं जेवण झालं का?”

“झालं.”

उज्ज्वला काही बोलली नाही. एक्स्चेंजमध्ये असंच करायचे. समोरचा चुकीचा नंबर सांगतो आहे असं वाटलं की लाईन धरून थांबायचं. तो आपणच दुरुस्त करतो.

पिशवी अर्धी झाली.

“नाही,” हेमलता म्हणाली.

“कधीपासून?”

“तू परसात जायला लागलीस तेव्हापासून. नीट असं नाही. सकाळची भाकरी असते. घरातलं माणूस उपाशी आणि मी ताट घेऊन बसू?”

“उठा. ताट वाढून घ्या. इथं आणा.”

“तुला वास येईल.”

“येऊ दे.”

हेमलता उठली. आतून डब्यांचा आवाज आला, मग फोडणीचा, मग बराच वेळ काही नाही. ती ताट घेऊन आली आणि पलंगाशी खाली बसली. पहिला घास तिनं हातात धरून ठेवला.

“मुकाट्यानं खा,” उज्ज्वला म्हणाली. तिनं नाकाला पदर लावला होता. “आत्याबाईला मी सांगणार आहे. दीड भाकरी झाल्याशिवाय उठायचं नाही.”

हेमलता जेवायला लागली.

उज्ज्वलाच्या लग्नात वाढपी कमी पडले होते, म्हणून शेवटच्या पंगतीपर्यंत हेमलतानं वाढलं, आणि ती पानावर बसली तेव्हा भात संपला होता. विचारलं तेव्हा ती ‘झालं’ म्हणाली होती.